‘तो तुले वळखस का?’ : शिफारसपत्र, इंजिनिअर आणि डॉक्टरकी

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड, असा तिथला कायदा होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी अवस्था एम-थ्रीच्या पेपरला बसलेल्या बॅकबेंचरसारखी आहे. संपादक मंडळाने लाल पेन जवळ ठेवावं. पण हा लेख मला मराठी विभागातच द्यायचा होता. कारण या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला माझ्या आजीने शिकवला आणि तिला अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी शिंदखेड्याला घरी होते. न्यू जर्सीहून माझ्या चुलत बहिणीचा, म्हणजे ताईचा फोन आला. ताई आपल्यासारखीच इंजिनिअर. नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. आता वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिला तिकडे डॉक्टर व्हायचंय. ग्रीन कार्ड आहे, नवऱ्याची हरकत नाही, प्रवेश परीक्षाही झाली. ती म्हणाली, “सगळं झालं गं, फक्त चिठ्ठ्या राहिल्यात. लेटर ऑफ रेकमेंडेशन.”

फोन स्पीकरवर होता. आजी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होती. तिने विचारलं, “कोनी चिठ्ठी शे?”

मी म्हटलं, तिला शिकवणाऱ्या सरांची. आजीच्या डोक्यात चिठ्ठी म्हणजे नेत्याची. दवाखान्यात बेड पाहिजे, निराधारचा पगार अडकला, नातवाला होस्टेलला रूम पाहिजे, की चिठ्ठी. आणि चिठ्ठी देणारा आपल्याला ओळखतच असला पाहिजे असं काही नसतं. तो आपल्या सरपंचाला ओळखतो, तेवढं पुरतं. पण मास्तरची चिठ्ठी म्हटल्यावर आजी थोडी थांबली आणि सरळ फोनकडे तोंड करून म्हणाली, “बाई, तो मास्तर तुले वळखस का?”

ताई हसली नाही. म्हणाली, “आजी, तीच तर अडचण आहे.”

हा लेख त्या अडचणीबद्दल आहे. आपल्यापैकी कितीजण मेडिकलला जाणार, असं म्हणून पान उलटू नका. फायनल इयरला एम.एस.साठी एल.ओ.आर. गोळा करत स्टाफरूमबाहेर रांगा लावणारे आपणच असतो!

आधी आपल्याकडचं

गैरसमज नको म्हणून हे पहिल्यांदा सांगते. भारतात एम.बी.बी.एस.ला शिफारसपत्र लागत नाही. नीट-यू.जी.चा स्कोअर, दहावी-बारावीच्या मार्कशीट, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर, मेडिकल फिटनेस वगैरे कागद लागतात. आमदारसाहेबांची चिठ्ठी त्या यादीत नाही आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या डीन सरांना तुमचा स्वभाव कसा आहे हे कोणी कळवत नाही. प्रवेश मेरिट लिस्टवर होतो.

मग इंजिनिअरिंगवाल्याला मधूनच डॉक्टर व्हावंसं वाटलं तर अडतं कुठे? अडतं बायोलॉजीवर. माझंच उदाहरण घ्या. अकरावीला मी बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स बायफोकल घेतलं. तेव्हा वाटलं, बेडूक गेला, आकृत्या गेल्या, सुटलो. पूर्वीच्या नियमांनुसार अकरावी-बारावीत बायोलॉजी रेग्युलर विषय नसेल तर मेडिकलचं दार जवळपास बंदच होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने सूचना काढली की बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी जादा विषय म्हणून पास केलेल्यांनाही नीट देता येईल. वयाची वरची मर्यादा २०२२ मध्येच काढली होती. खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गांना चाळीस टक्के ही अट आहे. (फॉर्म भरायच्या आधी त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. मित्राच्या मित्राने सांगितलं त्यावर जाऊ नका.)

२०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० मार्क होते. त्यातले ९० प्रश्न फिजिक्स-केमिस्ट्रीचे आणि ९० बायोलॉजीचे. म्हणजे अर्धा पेपर आपल्या ओळखीचा आणि अर्धा पूर्ण अनोळखी. ओडिशामध्ये स्टेट बँकेतून रिटायर झालेले जय किशोर प्रधान २०२० मध्ये ६४ व्या वर्षी नीट पास होऊन बुर्ला इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाले. त्यांनाही कोणी चिठ्ठी मागितली नाही.

मग तिकडे का मागतात?

अमेरिकेत मेडिकल हा ग्रॅज्युएशननंतरचा चार वर्षांचा कोर्स आहे. आधी कोणत्याही विषयाची डिग्री चालते, मात्र बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स वगैरे ठराविक विषय लॅबसकट झालेले लागतात. एमकॅट नावाची परीक्षा असते. पण परीक्षेवर निवड संपत नाही. अर्ज, निबंध, शिफारसपत्रं आणि इंटरव्ह्यू असं सगळं बघतात.

बहुतेक एम.डी. कॉलेजांचा अर्ज ‘ॲमकास’ या एकाच सेवेतून जातो. पत्रंही त्यातूनच जातात, जास्तीत जास्त दहा. पण आपण जसं झेरॉक्स जोडतो तसं विद्यार्थ्याला ते पत्र जोडता येत नाही. लिहिणारा माणूस ते परस्पर पाठवतो. लेटरहेड, सही, तारीख सगळं लागतं. पत्र वाचण्याचा हक्क कायद्याने विद्यार्थ्याला आहे, पण बहुतेकजण तो हक्क आपण होऊन सोडतात. कारण सरळ आहे. विद्यार्थी वाचणार हे माहीत असेल तर सर गोड गोड लिहिणार, आणि गोड पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सर्वसाधारण मागणी अशी असते: सायन्स शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची पत्रं, सायन्सबाहेरच्या एकाचं, आणि जमलं तर ज्यांच्यासोबत तुम्ही दवाखान्यात किंवा समाजात काम केलं त्यांचं. काही कॉलेजांमध्ये एक कमिटी असते. ती विद्यार्थ्याची मुलाखत घेऊन सगळ्यांच्या वतीने एकच मोठं पत्र लिहिते, त्याला कमिटी लेटर म्हणतात. इंग्लंडमध्ये यापेक्षा सुटसुटीत आहे. तिथे यूकास या सेवेतून अर्ज जातो आणि सोबत एकच रेफरन्स लागतो.

एक इशारा. ‘चला, आपणही अमेरिकेत मेडिकलला अप्लाय करू’ असं इथून ठरवणं सोपं नाही. तिकडची थोडीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना घेतात आणि घेतात त्यातली बरीचशी तिकडच्या कॉलेजात काही शिक्षण झालेलं असावं असं म्हणतात. ताई तिकडे राहते, कायमची रहिवासी आहे, तिने संध्याकाळच्या क्लासला जाऊन हे विषय केले, म्हणून तिला जमलं.

१८८३ सालचं शिफारसपत्र

आपल्या मराठी माणसांसाठी ही चिठ्ठीची भानगड काही नवी नाही. डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते, पण ती पत्रांची गोष्ट आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

१८७८ मध्ये गोपाळराव जोशींनी कोल्हापूरहून अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का, असा मजकूर. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा दाखवली आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. आता बघा, ही झाली ओळख नसलेल्या माणसाकडे मागितलेली चिठ्ठी. तिचा परिणाम शून्य! पण तेच मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना वाचलं. त्यांनी १८८० मध्ये स्वतःहून पत्र पाठवलं. पुढे जवळपास तीन वर्षं आनंदीबाई आणि त्यांचा पत्रव्यवहार चालला. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला आलेली बाई त्यांना आधी कधी प्रत्यक्ष भेटली नव्हती, पण माणूस म्हणून पूर्ण ओळखत होती.

निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे!) कॉलेजच्या हॉलमध्ये भाषण करून आपण का जातोय हे लोकांना जाहीर सांगितलं. आणि २८ जून १८८३ ला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या कमिटीवरच्या आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्यात त्यांनी आपल्या तयारीत कमी काय आहे ते लपवलं नाही आणि पैशाची अडचणही लपवली नाही. मात्र पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण बरं असं मानणाऱ्या बायकांसाठी मला हे शिकायचंय, असं स्वच्छ सांगितलं. डीन रेचल बॉडली यांच्या कॉलेजने त्यांना घेतलं. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. पुढे अकरा-साडेअकरा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. वय अवघं एकवीस. माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठ्या.

दुसरं नाव डॉ. रखमाबाईंचं. लहानपणी झालेलं लग्न नाकारल्यामुळे त्यांच्यावर खटला चालला. १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा निकाल दिला आणि १८८८ मध्ये तडजोड होऊन तो विषय मिटला. १८८९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्या डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. त्यांच्यामागे उभ्या होत्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. पीचीबाई स्वतः एडिंबरोत मुलींना मेडिकलला घ्या म्हणून लढलेल्या. त्या रखमाबाईंना मुंबईत प्रत्यक्ष ओळखत होत्या. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनी सुरतला काम केलं. सुरत म्हणजे आपल्या सुरत-भुसावळ लाइनचं दुसरं टोक! शिंदखेड्याच्या स्टेशनवरून मी लहानपणापासून सुरतेच्या गाड्या बघतेय आणि हे मला विसाव्या वर्षी कळलं.

आणि अगदी खरा ‘लाइन बदलणारा’ पाहिजे असेल तर डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईतल्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला त्यांचं नाव आहे. ते आधी एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक होते. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा विशीतला हा मास्तर पुन्हा विद्यार्थी झाला आणि १८५१ च्या पहिल्या तुकडीत पास झाला.

या सगळ्यांत एक समान गोष्ट दिसते. ज्याने पाठीवर हात ठेवला, त्याने त्या माणसाला काहीतरी करताना जवळून पाहिलं होतं. आजीचाच प्रश्न झाला ना!

लाइन बदलणाऱ्याचं दुखणं

आता ताईची अडचण. नेहमीचा विद्यार्थी विशी-बाविशीत अर्ज करतो. त्याचे सर कालपर्यंत त्याला शिकवत असतात. लाइन बदलणाऱ्याची डिग्री जुनी असते. ताईने तिच्या इथल्या कॉलेजच्या प्रोजेक्ट गाइडना ई-मेल केला. कॉलेजचं नाव सांगत नाही, गरजही नाही. सरांचं उत्तर आलं: “डियर स्टुडंट, प्लीज ड्राफ्ट द लेटर, आय विल साइन.” सरांचा दोष म्हणाल तर अर्धाच आहे. साठच्या बॅचमधली, दहा वर्षांपूर्वीची, प्रॅक्टिकलला मागे उभी राहणारी मुलगी त्यांना कशी आठवणार? ताईने तो ड्राफ्ट लिहिला नाही. लिहिला असता तरी त्यात काय लिहिणार होती? सरांनी तिच्यात काय पाहिलं हे तिला कसं माहीत!

लाइन बदलणाऱ्याच्या अर्जावर वाचणाऱ्याच्या मनात चार शंका येतात.

पहिली, ही पळून चाललीय की कुठेतरी पोहोचायला चाललीय? नोकरीचा कंटाळा आला म्हणून डॉक्टर व्हायचं असेल तर तिसऱ्या महिन्यात ॲनाटॉमीचाही कंटाळा येईल.

दुसरी, इतक्या वर्षांनी अभ्यास झेपेल का?

तिसरी, आजारी माणसाजवळ ही कशी वागते?

चौथी, आधीच्या कामातून ही काय शिकून आली?

एकच माणूस या चारही शंकांना उत्तर देऊ शकत नाही. म्हणून पत्रं ‘मोठ्या’ माणसांची नकोत, वेगवेगळ्या जागांवरून पाहणाऱ्यांची हवीत. ताईने शेवटी असं केलं. झेपेल का, याचं उत्तर दिलं तिच्या संध्याकाळच्या क्लासच्या बायोलॉजी आणि केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी. हे अगदी ताजं, गेल्या दोन वर्षांतलं. आधीच्या कामाबद्दल तिच्या ऑफिसच्या मॅनेजरने लिहिलं. आजारी माणसाजवळ कशी वागते हे लिहिलं वृद्धाश्रमातल्या नर्सबाईंनी. तिथे ताई दर रविवारी म्हाताऱ्यांना जेवण भरवायला जायची. पाचवं पत्र एका डॉक्टरांचं, ज्यांच्या मागे ती काही महिने क्लिनिकमध्ये फिरली. पळतेय की पोहोचतेय, याचं उत्तर कोणी वेगळं लिहिलं नाही. ते या सगळ्यांच्या तारखांतून आपोआप दिसलं. नोकरी चालू असताना दोन वर्षं रविवार देणारी बाई नुसती कंटाळलेली नसते.

चांगलं पत्र कसं असतं?

आपल्याकडे पत्र म्हणजे वर्तणुकीच्या दाखल्याची मोठी आवृत्ती. “सदर विद्यार्थिनी हुशार, मेहनती व होतकरू असून तिची वर्तणूक समाधानकारक आहे. तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.” हे पत्र माझ्या नावाने चालेल, तुमच्या नावाने चालेल, आमच्या रेक्टर मॅडमच्या मांजराच्या नावानेही चालेल.

चांगल्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असतात: मी हिला किती दिवसांपासून ओळखतो, कोणत्या नात्याने ओळखतो, आणि मी स्वतः काय पाहिलं. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं लिहायचं. कॉलेजची कीर्ती, बिल्डिंग, प्राध्यापकांचे पेपर यावर परिच्छेद घालवायचा नाही. दिसायला कशी, घरचं कसं, हे तर अजिबात नाही.

समजा आपल्याच लॅबमधलं उदाहरण घेतलं. “ती प्रामाणिक आहे” असं लिहिण्याऐवजी असं लिहिलं तर? “सेकंड इयरला स्ट्रेन गेजच्या प्रॅक्टिकलला तिच्या ग्रुपचं रीडिंग चुकत होतं. शेजारच्या ग्रुपचं रीडिंग उतरवून वेळेत जाता आलं असतं. ती थांबली, ब्रिजचं एक कनेक्शन सैल होतं ते तिने शोधलं आणि जर्नलमध्ये आधीची चुकीची रीडिंगही खोडल्याशिवाय ठेवली.” यात प्रामाणिक हा शब्दच नाही. पण वाचणाऱ्याला समजतं की ही बाई उद्या पेशंटचं बी.पी. न मोजता केसपेपरवर १२०/८० लिहिणार नाही.

आणि एखादी उणीव लिहिली तरी पत्र बिघडत नाही. उलट वजन वाढतं. ‘सुरुवातीला प्रश्न विचारायला लाजायची, दुसऱ्या टर्मला नाही’ हे वाक्य माणसाबद्दल आहे हे लगेच कळतं.

मागायचं कसं?

ताईने शिकलेले आणि मी तिच्याकडून उतरवून घेतलेले मुद्दे देते. एम.एस.वाल्यांनाही लागू आहेत.

१) पत्र देऊ शकाल का, असं विचारू नका. ‘माझ्याबद्दल नेमकं आणि चांगलं लिहिता येईल एवढं तुम्ही मला ओळखता का?’ असं विचारा. समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवा. त्याने आढेवेढे घेतले तर आभार मानून निघा. मनाविरुद्ध लिहिलेल्या पत्राचा तोटाच होतो.

२) शक्यतो समोर जाऊन विचारा. व्हॉट्सॲपवर ‘सर लेटर पाहिजे होतं’ हा मेसेज सरांना दिवसाला दहा वेळा येतो.

३) निदान दोन महिने आधी सांगा. सबमिशनच्या आठवड्यात तर जाऊच नका.

४) सोबत एक फाइल द्या: मार्कशीट, बायोडेटा, तुम्हाला हे का करायचंय त्याचं एक पान, आणि सरांसोबत तुम्ही केलेल्या कामांची यादी तारखांसकट. हा ड्राफ्ट नव्हे. ही आठवण करून द्यायची सामग्री आहे. वाक्यं सरांची, माहिती तुमची.

५) ओळख ताजी असतानाच मागा. सेमिस्टर संपल्यावर महिन्याभरात लिहिलेलं पत्र आणि तीन वर्षांनी लिहिलेलं पत्र यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

६) मोठ्या पदाच्या मागे लागू नका. प्रिन्सिपल सरांच्या चार ओळींपेक्षा लॅब बघणाऱ्या मॅडमचं एक पान भारी.

७) निकाल काहीही लागो, पेढे घेऊन किंवा न घेता, जाऊन सांगा. लिहिणाऱ्यानेही त्यात जीव घातलेला असतो.

सर-मॅडमसाठी दोन ओळी

हे मॅगझीन स्टाफरूममध्येही जातं म्हणून धीर करून लिहिते. आम्ही ड्राफ्ट घेऊन येतो तेव्हा तुम्ही सही करता कारण तुम्ही आमचं भलं बघता, हे आम्हाला माहीत आहे. पण एकाच वर्षी एकाच कॉलेजमधून दहा पत्रं सारख्याच वाक्यांची गेली तर तिकडचे लोक पुढच्या वर्षी खरं पत्रही बाजूला ठेवतात. आम्हाला ‘मी तुला तेवढं ओळखत नाही’ असं सांगितलंत तर आम्हाला राग येईल, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या लॅबमध्ये पुढच्या टेबलावर उभे राहू.

आता माझं

इथपर्यंत वाचलं असेल तर तुम्हाला शंका आली असेल की ही एवढी माहिती का गोळा करतेय. खरं सांगते.

गेल्या वर्षापासून आजीचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, धुळ्याला. शनिवारी मी असते. शिंदखेड्याहून बाबा तिला गाडीत घालून आणतात आणि मी होस्टेलवरून जाते. पहिल्या दिवशी मी आजीकडे कमी आणि मशीनकडे जास्त बघत होते. कंडक्टिव्हिटी सेन्सर, व्हेनस प्रेशर, रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा आला की क्लॅम्प बंद करणारा डिटेक्टर. आपलाच सिलॅबस! मग हळूहळू माझं लक्ष शेजारच्या बेडवर जायला लागलं. तिथे शेवटच्या तासाला एका काकांचं बी.पी. उतरतं. अलार्म वाजायच्या आधीच टेक्निशियन दादांना ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. ते कसं कळतं, हे मला मशीनपेक्षा जास्त शिकावंसं वाटायला लागलं. बायोलॉजीच्या फॉर्मची चौकशी मी त्याच आठवड्यात केली.

घरात अजून कोणाला बोलले नाही (आता हा अंक घरी गेला की कळेलच). दोन वर्षांची फी भरून झालीय. बाबांनी त्यासाठी काय केलंय मला माहीत आहे. त्यामुळे ‘मला वाटतं’ एवढ्यावर हा निर्णय घ्यायचा मला हक्क नाही असं वाटलं. म्हणून मी एक गंमत केली. नीटला चिठ्ठी लागत नाही हे माहीत असूनही आमच्या एका सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, मी डॉक्टर व्हायला योग्य आहे का, याचं एक खरं पत्र लिहून द्याल का? कुठे पाठवायचं नाही, मलाच वाचायचंय.

सर आधी हसले. मग चार दिवसांनी त्यांनी अर्ध्या पानावर लिहून दिलं. सर्किटमधला फॉल्ट शोधताना ही शांत राहते, घाई करत नाही, चूक कबूल करते. हे मी दोन सेमिस्टर पाहिलंय. आजारी माणसासोबत हिला मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारावं. बस्स, एवढंच.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी कौतुकाच्या आशेने गेले होते. पण रात्री मेसवरून परत येताना कळलं की सरांनी मला अर्धं उत्तर दिलंय आणि उरलेलं अर्धं कुठे मिळेल तेही सांगितलंय. त्या शनिवारी मी डायलिसिसच्या मुख्य सिस्टरांना विचारलं, आजी नसेल त्या दिवशीही मी आले तर चालेल का? मशीनला हात लावणार नाही, पेशंटना पाणी मोजून देणं, चादर देणं, बोलत बसणं एवढंच करीन. त्या म्हणाल्या, “ये. पण दोन शनिवार येऊन गायब होणारे मी पुष्कळ बघितलेत.”

आता तिसरा महिना चालू आहे. कधी वाटतं आपण डॉक्टरच व्हावं. कधी वाटतं, नाही, आपण ही मशीनंच जास्त चांगली आणि स्वस्त बनवावीत, म्हणजे शिंदखेड्यातच चार बेडचं सेंटर निघेल आणि आजीला पहाटे उठून गाडीत बसावं लागणार नाही. दोन्ही खरं वाटतं. सहा महिने झाले की मी सिस्टरांकडे माझं पत्र मागणार आहे. त्या काय लिहितील ते मला माहीत नाही. पण मला ओळखत नाही, असं त्या म्हणणार नाहीत.

ताईला अजून उत्तर आलेलं नाही. दर रविवारी फोनवर आजी विचारते आणि ताई म्हणते, थांब गं आजी, अजून पत्रं वाचतायत.

बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय घेण्याबद्दल मी गोळा केलेली माहिती कोणाला पाहिजे असेल तर लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी एक फाइल ठेवलीय. वाचा, झेरॉक्स काढा, पण फाइल परत ठेवा. आणि शनिवारी दुपारी मी होस्टेलवर सापडणार नाही.

— टी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, लेडीज होस्टेल